माघारी आणलेल्या नवऱ्या

सेजनान, मंगळवार

प्रिय मोंगिया,

तू पाठवलेले कागद सगळे लावले. एक पोस्टाच्या भिंतीवर, एक दवाखान्याच्या दारावर, एक शेल्बियाच्या बेकरीच्या काचेवर आणि एक जुन्या स्टेशनपाशी, जिथे करकोचे या वर्षीही आले आहेत आणि खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर खुशाल घाण करतायत. खळ मीच शिजवली. कागद लावताना चारदा तुझं अक्षर वाचलं. "ज्यांच्याकडे कानाला भोक असलेली मातीची नवरी असेल त्यांनी ती गुरुवारच्या बाजारात घेऊन यावी. परत मागणार नाही. कशी नांदतेय तेवढंच बघायचं आहे." 

फोनवर तू किती हसत होतीस! बिझर्तच्या त्या संस्थेतली पोरगी कॅमेरा घेऊन तुझ्याबरोबर येणार, बायकांचे त्यांच्या नवऱ्यांसकट फोटो काढणार, म्हणजे मातीच्या नवऱ्यांसकट, खऱ्या नवऱ्यांना घरीच बसवणार. "लेल्ला, एकेकीच्या सासरी जाऊन चहा पिणार आहे मी. विहीणबाई म्हणून मान घेणार आहे!" तू ताईला लेल्ला म्हणालीस की मला नाही म्हणवत नाही. म्हटलं, ये की, आणि फोन ठेवून कणकेत हात तसेच बुडवून बसले. गुरुवारी तू बाजारात उभी राहशील आणि एकही बाई तुझी नवरी घेऊन पुढे येणार नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. का ठाऊक होतं ते सांगते. जरा धीर धर. तोंडावर फटकन बोलणारी म्हणून मी गावभर बदनाम आहे, पण हे एक मला अकरा वर्षांत सरळ बोलता आलेलं नाही.

तुला आपल्या आईचा, उम्मीचा, पहिला तुकडा आठवतो का? गोवऱ्यांचा ढीग विझला की राखेतून जी नवरी सगळ्यात आधी अख्खी निघेल ती घरात यायची नाही. उम्मी ती गरम गरमच ओढणीत धरून पीराच्या झऱ्यावर न्यायची आणि पाण्याच्या कट्ट्यावर ठेवून यायची, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी. आपण दोघी मागे. म्हणजे मी चालत आणि तू माझ्या पाठीवर, कारण तुझा डावा पाय तेव्हाच वाळलेला होता. तू माझ्या खांद्यावरून मागे वळून बघायचीस, कोण उचलतंय म्हणून, आणि उम्मी तुझी हनुवटी धरून तोंड पुढे फिरवायची. "पाठवणी झाली ना? मग सासरच्या दाराकडे काय डोकावतेस? आणि गेलेल्या नवरीला माघारी आणतात का कधी? शोभतं का?" आपल्याकडे बाहुलीला आणि नवरीला शब्द एकच, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, लग्न झालेल्या बायकांनाही असंच कुठल्यातरी कट्ट्यावर ठेवून येत असतील. माझं लग्न झाल्यावर कळलं की फार चुकत नव्हते.

उम्मी गेली आणि तो रिवाज गावातल्या बाकी बायकांबरोबर मीही सोडला. तू सोडला नाहीस. उलट वाढवलास. दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी एक. आणि तुझ्या नवऱ्या आमच्यासारख्या नव्हत्या. आम्ही जशा आजीने केल्या तशाच करतो, चपटं तोंड, दोन ठिपके डोळे, हनुवटीवर गोंदण, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. तुझ्या नवऱ्यांना चेहरे होते. पोकळ नवरीला वाफ जायला भोक लागतंच, नाहीतर आगीत फुटते. आम्ही ते बुडाला पाडायचो, तू कानात पाडायचीस. मी विचारलं होतं, हे काय खूळ? तर म्हणालीस, "बाईला तोंड नसलं तरी चालतं या गावात, कान मात्र हवेत." मी हसले होते. पण कानात भोक पाडलेल्या पहिल्या नवरीपासूनच तू त्या खऱ्या बायकांसारख्या करायला लागलीस आणि जी बाई जिथून जाते तिथेच तिची नेऊन ठेवायला लागलीस, तेव्हा माझं हसू आटलं.

पहिली शेल्बिया. माझ्या रबाहचं तिच्या मुलाशी, फैसलशी, जमत आलं होतं, साखरपुड्याची तारीख ठरायची होती, आणि त्या गुरुवारी तू लंगडत लंगडत बेकरीच्या ओट्यापाशी गेलीस, काहीतरी ठेवलंस आणि निघून गेलीस. मी बाजारातून पालक घेऊन मागून येत होते. बघते तर शेल्बिया! तीच दुहेरी हनुवटी, तोच लोंबता खालचा ओठ, कमरेवर हात, गिऱ्हाईकावर खेकसायच्या तयारीत. मोंगिया, खरं सांगते, मला वाटलं, झालं, पोरीचं लग्न मोडलं. लोक म्हणतील, होणाऱ्या विहिणीची टर उडवली यांनी भर बाजारात. मी इकडे तिकडे पाहिलं आणि ती उचलून टोपलीत पालकाखाली घातली. तेवढंच करायचं होतं मला. घरी येऊन तुला चांगली झापणार होते. पण मी ओढणी काढतेय तोवर तू मागच्या दाराने आत आलीस, तोंड असं उजळलेलं, आणि म्हणालीस, "लेल्ला, गेली! मी परत त्याच रस्त्याने आले, बघायचं नाही म्हणून मान खाली घातली होती, पण ओटा रिकामा दिसलाच. दहा मिनिटांत गेली बघ!" तुला इतकी आनंदात मी त्याआधी पाहिली नव्हती.  तुला म्हटलं, बरं झालं, हात धू, पालक निवडायचाय. तुला मी टोपलीला हात लावू दिला नाही. पालक मीच निवडला.

पुढच्या गुरुवारी दुसरी. मग तिसरी. मी तुझ्यामागे वीस पावलांवर टोपली घेऊन चालायचे. कधी पुदिन्याखाली, कधी भाकऱ्यांच्या फडक्याखाली, अशा सगळ्या घरी आणल्या. मागच्या अंगणातली भाकऱ्यांची जुनी ताबूना तडकली म्हणून मी नवी भट्टी बांधून घेतली, आठवतं? ती तडकली नव्हती. मला जागा हवी होती. वर पत्रा टाकला आणि तू त्या पत्र्यावर पुदिन्याचे डबे मांडलेस. रोज सकाळी तांब्या घेऊन पाणी घालायचीस, गाणं म्हणत. खाली तुझ्याच पोरी. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि कांदा चिरायचे, कारण कांदा चिरताना डोळ्यांना कुणी जाब विचारत नाही.

तुला वाटेल, तुला कधी संशय कसा आला नाही. तू मागे वळून बघायची नाहीस, म्हणून. कुणाला विचारायचीही नाहीस, कोणी नेली, कुठे ठेवली. उम्मीचा नियम तू पाळलास आणि मी त्या नियमाच्या आडोशाने चोरी केली. तुझ्या सचोटीवर माझा सगळा भरवसा होता. असली लाजिरवाणी गोष्ट मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकली असती तर त्या बाईला दारात उभी केली नसती.

रबाहचं लग्न झालं. शेल्बिया विहीण झाली. आता भीती कसली? मी स्वतःला सांगितलं, गाव हसेल तुला, मी तुला वाचवतेय. लग्नाच्या तंबूत आपण बायकांत बसलो होतो, कुणीतरी तुला टोमणा मारला की तुझं काही लग्न झालं नाही बाई, तेव्हा तू छाती पुढे काढून म्हणालीस, "माझं नाही झालं, पण मी पोरी किती उजवल्या विचार! लेल्लाने एक उजवली, मी तीसच्या वर." सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. मग उठून ताटं उचलायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. तरीही पुढच्या गुरुवारी टोपली घेतलीच.

एकदा मला उशीर झाला. बकरी सुटली होती. मी पोस्टाच्या पायरीपाशी पोचले तर तुझी नवरी नव्हती. मुलाला उंच धरून हसणारी बाई होती ती, तुझ्या हातात ओली असताना मी पाहिली होती. खरंच कोणीतरी नेली. मला बरं वाटायला हवं होतं ना? मी वाचवत होते ना तुला? पण दिवसभर मी तिला शोधत राहिले. पोस्टात गेले, बँकेच्या दारात गेले, येणाऱ्या प्रत्येकीच्या पिशवीत डोकावले. त्या दिवशी कळलं मला की ही भीती नाही आणि माया तर नाहीच. माझ्या नवऱ्या बाजारात विकायला मांडलेल्या असतात, शंभरांतली एक, लोक हातात घेऊन खाली ठेवतात. आणि तुझी एक, फुकट ठेवलेली, कोणीतरी छातीशी धरून पळवून नेली. मला ते सहन झालं नाही. मी, मोठी बहीण, जिने तुला पाठीवर घेऊन शाळेत नेलं असं सगळ्यांना सांगत फिरते. अक्षर लागलं नाही तरी रबाहला विचारू नकोस. तिला मी अजून सांगितलेलं नाही.

आता हद्दाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगून उपयोग नाही. आपल्या दोघींची नाळ जिने कापली ती हद्दा. शेवटच्या वर्षी ती रोज दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसलेली असायची. तू तिची नवरी करून बाकाच्या टोकाला ठेवलीस, आत वळलेली पावलं, बाह्या कोपरापर्यंत वर. मी पोचले तेव्हा हद्दा आधीच तिथे होती. तिने ती मांडीवर घेतली होती. बोटाने तिच्या बाह्या चाचपत होती आणि हसत होती, दात नसलेलं हसू, आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "ही मीच की गं! कोणाला आठवतेय मी अजून?" इतक्यात तिचा नंबर पुकारला. तिने नवरी जपून बाकावर ठेवली, वर आपला रुमाल झाकला आणि आत गेली. मी उचलली, मोंगिया. रुमाल घडी करून ठेवला आणि नवरी उचलली. आणि मी कोपऱ्यावर उभी राहून पाहिलंही. ती बाहेर आली. रुमाल उचलला. मग खाली वाकली, तिचे गुडघे तुला माहीत आहेत, तशी वाकून बाकाखाली बघत राहिली. कोणाला काही विचारलं नाही तिने. रुमाल खिशात घालून घरी गेली. ऑलिव्ह उतरवायच्या आधी ती वारली. मी तिच्या घरी जाऊन रडले, तीन दिवस तिच्या सुनांना कुसकुस करून वाढला, आणि सगळे म्हणत होते, अलजियाचा किती जीव होता हद्दावर.

हे सगळं मी मेल्यावर लोकांना भट्टीत सापडलं असतं आणि तेव्हा मला काय त्याचं, असं ठरवून मी बसले होते. पण तुझा कागद लागला आणि शनिवारी शेल्बियाने मला बेकरीत धरलं. हात कमरेवर, खालचा ओठ लोंबता, थेट तुझी नवरी. म्हणाली, "काय गं, तुझी बहीण सगळ्या गावाच्या बाहुल्या करत होती म्हणे? मग माझी नाही केली ती? इतकी वर्षं तिला भाकरी दिली मी, माझंच तोंड तेवढं वाईट?" चिडली होती ती, मोंगिया. तिची टर उडवली म्हणून नाही, वगळलं म्हणून. मी अकरा वर्षं जिला घाबरले ती बाई रुसून बसली होती. मी भाकरी न घेताच घरी आले.

काल सोमवारी पत्रा उचलला. पुदिना तू गेल्यावर माझ्या हातून जगला नाही, डबे रिकामेच होते. एकेक काढून पुसली. एकीचाही कान फुटलेला नव्हता. मग दोन टोपल्या भरल्या, रिकाम्या झाल्या की पुन्हा भरल्या, वर काही झाकलं नाही, आणि भर उन्हात निघाले. जी जिथून उचलली होती तिथे. बेकरीचा ओटा, बँकेचं दार, शाळेची भिंत, झऱ्याचा कट्टा. हद्दाची तिच्या कबरीपाशी ठेवणार होते, पण तिथे तिला कोण बघणार? म्हणून दवाखान्याच्या बाकावरच ठेवली, त्याच टोकाला. लोक बघत होते. कोणीतरी विचारलं, काय चाललंय अलजिया, म्हातारपणी खेळ मांडलास का? मी म्हटलं, पाठवणी करतेय, बहिणीच्या पोरी आहेत. आणि मागे वळून पाहिलं नाही. एकदाही नाही. मान इतकी आखडली की आज तेल चोळून घेतलं.

संध्याकाळच्या चहाला रबाहचा फोन. हसून हसून बोलता येईना तिला. सासूबाईंनी फ्रिजवर स्वतःला बसवलंय म्हणे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतायत, "नाक जरा मोठं झालंय, बाकी सही सही मीच." म्हणजे शेल्बिया गुरुवारी येणार. आणखी दोघी-तिघी नक्की येतील. आणि इथेच मी पुन्हा घसरले बघ. मी फोनवर रबाहला म्हणाले, सासूबाईंना सांग, मोंगियाने विचारलं तर म्हणायचं ही खूप वर्षांपासून आमच्याकडे... आणि वाक्य तोंडातच राहिलं. कारण मला दिसलं की हे जमेल. थोडं इकडे सांगून, थोडं तिकडे सांगून सगळं जमेल. तू येशील, तुझ्या पोरी बघशील, फोटो निघतील, तू माझ्या गळ्यात पडशील आणि मी सुटेन. शेवटची चोरी सगळ्यात सोपी होती. मी रबाहला म्हटलं, काही सांगू नकोस, आणि फोन ठेवला. म्हणून हे पत्र लिहायला बसले. गुरुवारी ज्या बाया येतील त्यांच्याकडे तुझ्या नवऱ्या अकरा वर्षं नांदलेल्या नाहीत. तीन दिवसांच्या आहेत. पोस्टाच्या पायरीवरची ती एकच तेवढी कुठेतरी खरीखुरी नांदतेय, मूल उंच धरलेली. ती बाई आली तर तिच्याकडे चहा पी. तेवढं सासर तुझं स्वतःचं आहे.

एक अजून माझ्याकडे आहे. तीन वर्षांपूर्वी तू बिझर्तला राहायला निघालीस त्या सकाळची. लुआज गाड्यांच्या स्टँडवर मी तुला पोचवायला आले होते, तू गाडीत बसलीस, गाडी वळली, आणि बघते तर बाकावर तू काहीतरी ठेवून गेली होतीस. नेहमीप्रमाणे मागे न बघता. माझ्या हाताला इतकी सवय झालेली की मी ती न बघताच टोपलीत टाकली. घरी येऊन काढली. मोठा जबडा, घट्ट मिटलेलं तोंड, डोक्याला बांधलेली ओढणी. मी. आणि माझ्या पाठीवर एक लहान पोर, तिचा एक पाय दुसऱ्याहून बारीक, तिने मान पुढे माझ्या खांद्यावर टेकलेली. आठ वर्षं मी तुझ्या मागे टोपली घेऊन चालले आणि तू मला अशी पाहत होतीस. मी ती भट्टीत तळाशी पालथी घातली, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. काल बाकी सगळ्या ठेवल्या, हिला नेता आलं नाही. मोंगिया, मला ती हवी आहे. माझ्याकडे इतकं नीट कुणीच कधी पाहिलं नाही, आणि ते खोटं आहे हे फक्त मलाच माहीत आहे. म्हणूनच ती माझी नाही. हे पत्र गाडीवाल्या मौल्दीच्या हाती देतेय, तो उद्या दुपारी बिझर्तला पोचतो, म्हणजे गाडीत बसायच्या आधी तुला सगळं कळलेलं असेल. येऊ नयेसं वाटलं तर येऊ नकोस, मी बाजारात उभी राहून लोकांना सांगेन का आली नाहीस ते, सगळ्यांसमोर. पण आलीस, तर ऐक. गुरुवारी सकाळी ती मी स्टँडवरच्या त्याच बाकावर ठेवून घरी जाणार आहे आणि दार लावून बसणार आहे. उतरशील तेव्हा ती तिथे असेल तर घे, किंवा नको घेऊस, किंवा दगडावर आपट, तुझी आहे. आणि बाक रिकामा दिसला, तर एवढ्यावर विश्वास ठेव, या वेळी ती मी उचललेली नाही.

तुझीच, तुला अजून म्हणावंसं वाटलं तर तुझी लेल्ला,
अलजिया